कमी धक्क्याचं काडतूस कोणतं? चंद्रपूर-गडचिरोलीत या प्रश्नाचं उत्तर वेगळं का आहे

रील्स बघताना तुमच्यासमोरही असा एखादा व्हिडिओ आला असेल. अमेरिकेतला कुणीतरी टेबलावर पाच-सहा काडतुसं मांडतो आणि सांगतो, "शिकार आणि नेमबाजी दोन्ही करायची असेल, तर हे घ्या, खांद्याला धक्काच बसत नाही." अशा व्हिडिओंखाली मराठीत प्रश्न येतात, आपल्याकडे हे मिळेल का? रानडुकरासाठी चालेल का? चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेतकऱ्याच्या पोरानं हा प्रश्न विचारला, तर मला त्यात नवल वाटत नाही. धानात रानडुकरं आणि हरभऱ्यात रोही घुसतात, तेव्हा काय होतं ते त्यानं पाहिलेलं असतं. म्हणून आज धक्क्याचं विज्ञान बघू, आणि मग आपल्या जिल्ह्यांत ते कुठे लागू होतं तेही बघू.

धक्का येतो कुठून?

शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम आठवा. गोळी आणि जळालेल्या दारूचा वायू पुढे जातो, तेवढ्याच संवेगानं बंदूक मागे येते. म्हणजे धक्का तीन गोष्टींवर ठरतो: गोळीचं वजन आणि वेग, दारू किती, आणि बंदूक किती जड.

मी ३.६ किलोची रायफल धरून ढोबळ हिशोब केला. तो असा:

- पॉइंट टू-टू लाँग रायफल: गोळी २.६ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. धक्क्याची ऊर्जा साधारण ०.१ ज्यूल.
- पॉइंट टू-फोर-थ्री विंचेस्टर: गोळी ६.५ ग्रॅम, वेग सुमारे ९०० मीटर. धक्का साधारण ११ ज्यूल.
- पॉइंट थ्री-झिरो-एट विंचेस्टर: गोळी ९.७ ग्रॅम, वेग सुमारे ८६० मीटर. धक्का साधारण १९ ज्यूल.

दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक बघा. धक्का जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाला, पण नळीतून निघताना गोळीची ऊर्जा सुमारे ३,६०० वरून २,६०० ज्यूलवर आली, म्हणजे २७ टक्केच घटली. व्हिडिओवाले मधल्या काडतुसांचं कौतुक करतात ते याचसाठी, आणि तिथपर्यंत त्यांचं बरोबर आहे.

धक्का कमी असण्याचा खरा फायदा

फायदा फक्त खांदा न दुखण्याचा नाही. धक्का आणि आवाज येणार हे माहीत असलं, की घोडा दाबायच्या आधीच शरीर आक्रसतं, डोळे मिटतात आणि नेम हलतो. सवय एकदा लागली की सुटायला महिने जातात. म्हणून शिकणाऱ्याला नेहमी पॉइंट टू-टू किंवा एअर रायफल देतात.

काडतूस न बदलताही धक्का कमी होतो. बंदुकीचं वजन दुप्पट केलं, तर धक्क्याची ऊर्जा निम्मी होते. दस्त्याला रबरी पॅड लावलं, दस्ता अंगाच्या मापाचा असला आणि कानांना चांगलं संरक्षण असलं, तर तेच काडतूस सौम्य वाटतं.

याचं उत्तम उदाहरण आपल्याच राज्यातलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं, ते पॉइंट टू-टूवरच. या प्रकारात लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि रायफल ८ किलोपर्यंत जड चालते. हलकं काडतूस आणि जड बंदूक म्हटल्यावर धक्का जवळजवळ शून्य. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, तेही याच काडतुसावर.

मग शिकारीलाही तेच का नाही?

कारण पॉइंट टू-टूच्या गोळीत जेमतेम १४० ज्यूल ऊर्जा असते. कागदाला भोक पाडायला ती भरपूर झाली, पण जाड कातडीच्या रानडुकराला ती फक्त जखमी करील. जखमी डुक्कर झुडपात जाऊन बसतं आणि सकाळी मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईवर धावून येतं. धक्का वाचवला बंदूकवाल्यानं, पण किंमत दुसऱ्याच कुणी मोजली.

हीच ओढाताण आपल्या सैन्यानंही अनुभवली. जुन्या एसएलआरचं ७.६२ मिमीचं काडतूस दणकट, पण धक्का जास्त. १९९० च्या दशकात इन्सास आली, तिचं ५.५६ मिमीचं काडतूस हलकं, जवानाला जास्त नेता येणारं आणि सौम्य. पुढे मारकशक्ती कमी पडते अशी तक्रार सुरू झाली आणि २०१९ मध्ये लष्करानं ७२,४०० सिग सॉअर रायफली घेतल्या, त्या पुन्हा ७.६२ मध्ये. थोडक्यात, सगळ्याच कामांना चालेल असं सौम्य काडतूस नसतं.

आता आपला कायदा

व्हिडिओ इथे आपल्या उपयोगाचा राहत नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. हौस म्हणून रानडुक्कर मारणं हा गुन्हाच, मग काडतूस कोणतंही असो. माणसाला किंवा उभ्या पिकाला धोका असेल, तर कलम ११ खाली वन विभागाचे अधिकृत अधिकारी ठरावीक प्राण्यांसाठी लेखी परवानगी देऊ शकतात. चंद्रपुरात ही वेळ आली आहे. जून २०१६ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी, चंद्रपुरात ५३ रानडुकरं मारली आणि आणखी ५० साठी परवानगी दिली, अशी जाहीर टीका केली होती. तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी उत्तर दिलं, की पीक वाचवायला राज्य सरकारांच्या मागणीवरून परवानगी दिली जाते.

बंदुकीचंही तसंच. लष्करी काडतुसं चालवणाऱ्या रायफली 'प्रतिबंधित बोअर' गटात येतात, म्हणून ७.६२ किंवा पॉइंट थ्री-झिरो-थ्री सामान्य नागरिकाला मिळत नाही. परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे, नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत. परवानाधारकाच्या हाती प्रामुख्यानं येते ती सरकारी आयुध निर्माणीची पॉइंट थ्री-वन-फाइव्ह. तिची गोळी जवळपास १६ ग्रॅमची, म्हणजे वरच्या तिन्हींपेक्षा जड. निवड करायला दुकानात सहा काडतुसं मांडलेली नसतातच.

गडचिरोलीत तर अनेक गावांत बंदूक म्हणजे भरमार. तिला काडतूसच नसतं. दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून ठासून भरायचे. दारूचं माप अंदाजानं, म्हणजे धक्काही अंदाजानं, आणि कधी नळीच फुटते. विनापरवाना भरमार बाळगणं गुन्हा आहे. गावकऱ्यांनी अशा बंदुका पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

वन विभाग काय निवडतो?

आपल्या जंगलात बंदुकीची अवघड निवड वन विभागाला करावी लागते. १३ जणांचा बळी घेणारा सीटी-१ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या वडसा परिसरात बेशुद्ध करून पकडला गेला. तिथे गोळी नव्हती, औषधाची डार्ट होती. तिचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, नाहीतर तीच शरीरात खोल घुसून जीव घेईल. इथे मारकशक्ती कमी असणं हाच गुण आहे, पण त्यामुळे बऱ्यापैकी जवळ जावं लागतं.

माझं मत

नेमबाजीची आवड असेल, तर १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करा. तिला मैदान लागत नाही, एक लांब खोली पुरते. बालेवाडीची रेंज आपल्यासाठी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. पण एअर रायफलनं पाखरं टिपणं हीसुद्धा शिकारच, हे विसरू नका.

आणि पिकाचं नुकसान होत असेल, तर काडतूस शोधण्याआधी पंचनामा करून घ्या, वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करा आणि गरज असेल तर कलम ११ ची परवानगी मागा. हे हळू चालतं, भरपाई कमी वाटते, हा शेतकऱ्यांचा राग मला पटतो. पण त्या रागातून बांधावर जिवंत वीजतार सोडली जाते. त्या तारेनं चंद्रपुरात वाघही मेलेत आणि माणसंही. बंदूकवाल्याला निदान समोर काय आहे ते दिसतं, तारेला काहीच दिसत नाही. त्यामुळे कोणतं काडतूस घ्यावं यापेक्षा भरपाई किती दिवसांत मिळते, हा प्रश्न आपण जास्त जोरानं विचारायला हवा.