गोळी लागू पडेनाशी झाली तर

कपाशी घेणाऱ्या आपल्या शेतकरी बांधवांना गुलाबी बोंडअळीची ओळख करून देण्याची गरज नाही. २००२ साली बीटी कपाशीला आपल्या देशात परवानगी मिळाली, तेव्हा अळीचा प्रश्न कायमचा मिटला असे पुष्कळांना वाटले. पहिली काही वर्षे फवारणीचा खर्चही वाचला. पुढे २०१० साली, गुजरातेतील शेतांत ही अळी पहिल्या बीटी वाणाला दाद देत नाही, असे बियाणे कंपनीनेच जाहीर केले. दोन जनुकांचे वाण २००६ पासून बाजारात होते. तेही अळीने पचविले, आणि २०१७ च्या हंगामात मराठवाड्यात व विदर्भात उभ्या पिकाचे काय झाले ते आपण पाहिलेच. शेत तेच होते, वाण तेच होते, पण अळी ती राहिली नव्हती. लाखो अळ्यांत ज्या थोड्या मुळातच चिवट होत्या, त्या तेवढ्या वाचल्या, आणि पुढची पैदास त्यांचीच झाली.

हे उदाहरण घेण्याचे कारण असे की, थेट हीच गोष्ट माणसाच्या शरीरातही घडते. स्तनाच्या कर्करोगावर गोळ्या घेणाऱ्या आपल्या आयाबहिणींपैकी काहींना काही वर्षांनी डॉक्टर सांगतात की, आता ही गोळी लागू पडत नाही. त्या एका वाक्याने घर हादरते. मग कोणी म्हणतो, गोळी बनावट होती. कोणी म्हणतो, हिनेच पथ्य पाळले नाही. कोणी जडीबुटीवाल्याचा पत्ता आणून देतो, तर कोणी शेत विकून मोठ्या शहरात जाण्याचा सल्ला देतो. आमचे मत असे की, यांपैकी काहीही करण्यापूर्वी नेमके काय घडले ते घरातील माणसांनी समजून घ्यावे. समजून घेण्यास पैसा लागत नाही, आणि न समजता मात्र पुष्कळ पैसा जातो.

स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांत सुमारे सत्तर जणींची गाठ हार्मोनवर वाढणारी असते. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे हार्मोन म्हणजे किल्ली आणि गाठीच्या पेशीतील ग्राहक म्हणजे कुलूप. किल्ली लागली की पेशी वाढू लागते. हा संबंध ओळखला जाण्यास गाईगुरांचा अनुभव कारणी लागला, हे आपल्या वाचकांना ऐकून बरे वाटेल. काही देशांत गाय व्यायल्यावर तिचे अंडाशय काढले तर ती दीर्घकाळ दूध देत राहते, असे ग्लासगोचे शल्यवैद्य जॉर्ज बीटसन यांच्या कानावर आले होते. अंडाशयाचा ताबा स्तनावर चालतो, तर मग स्तनाच्या कर्करोगावरही चालत असेल, असा त्यांनी विचार केला. रुग्ण स्त्रियांचे अंडाशय काढल्यावर गाठी ओसरल्याचे त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले. पुढे शस्त्रक्रियेच्या जागी गोळी आली. मुळात संततिनियमनासाठी शोधलेले टॅमॉक्सिफेन १९७३ साली ब्रिटनमध्ये या रोगासाठी वापरात आले. ते किल्लीला कुलपात शिरू देत नाही. त्यानंतर लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल या गोळ्या आल्या. पाळी गेल्यावरही चरबीत व स्नायूंत थोडे इस्ट्रोजेन तयार होत असते. या गोळ्या ते तयारच होऊ देत नाहीत.

रोग स्तनापुरता असताना शस्त्रक्रियेनंतर या गोळ्या निदान पाच वर्षे घ्याव्या लागतात, आणि त्यांनी रोग परतण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. बरे वाटते म्हणून त्या मध्येच सोडणे फार चुकीचे आहे. रोग हाडांत, यकृतात, फुप्फुसांत पसरला असेल तर मात्र गोळी त्याला रोखून धरते, मुळासकट उपटत नाही. अडचण उद्भवते ती बहुधा येथे.

ते हार्मोनचे कुलूप कसे घडवावे याची कृती ईएसआर-१ नावाच्या जनुकात असते. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर त्याची जागा आहे. हे कुलूप म्हणजे ५९५ मण्यांची एक माळ समजा. गाठीतील एखाद्या पेशीत या माळेतला ५३७ वा किंवा ५३८ वा मणी बदलतो. एवढ्याशा बदलाने कुलूप किल्लीवाचूनच उघडे राहते. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटून बसला म्हणजे बटण दाबूनही मोटार थांबत नाही, तसा हा प्रकार. अशा वेळी इस्ट्रोजेन तोडून उपयोग होत नाही, कारण या पेशीला त्याची गरजच उरलेली नसते. इतर पेशी गोळीने मरतात, ही टिकते आणि वाढते. असा बदल प्रथम १९९७ साली नोंदला गेला, पण त्याचे महत्त्व २०१३ साली ध्यानात आले. पसरलेल्या रोगासाठी लेट्रोझोलसारख्या गोळ्या घेतलेल्या स्त्रियांत शंभरात वीस ते चाळीस जणींत तो सापडतो. पहिल्या गाठीत तो क्वचितच असतो.

यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, यात त्या बाईचा काही दोष नाही. बोंडअळीच्या बाबतीत आपण बिगर-बीटीच्या आश्रय ओळी लावल्या नाहीत, ती चूक माणसाची होती. येथे तसे नाही. गोळी नियमाने घेतली तरी हे घडते. तिने काय खाल्ले, कोठे गेली, कोणाची दृष्ट लागली, असल्या चौकशांनी आजारी माणसाला आणखी दुःख देऊ नये. शिवाय हा बदल गाठीत मागाहून झालेला असतो, तो आईकडून लेकीकडे जात नाही. वंशाने येणारे बीआरसीए जनुकांतील दोष ही वेगळी बाब आहे आणि तिची तपासणीही वेगळी आहे. आईच्या अहवालात जनुक हा शब्द आला म्हणून मुलीचे लग्न अडविणाऱ्या सोयऱ्यांना हे स्पष्ट सांगावे.

दुसरी, शस्त्रक्रियेच्या वेळचा तुकड्याचा अहवाल आता पुरत नाही. रोग गोळीला जुमानेनासा झाला म्हणजे नवी तपासणी लागते. गाठीच्या पेशी आपल्या जनुकांचे तुकडे रक्तात सोडतात. ते शोधून हा बदल आहे की नाही ते पाहता येते.

तिसरी, एक वाट बंद झाली म्हणजे सगळ्या वाटा बंद झाल्या असे नाही. फुल्व्हेस्ट्रंट हे इंजेक्शन २००२ पासून आहे. ते कुलूपच मोडीत काढते, आणि बदल झालेल्या गाठीतही काही अंशी उपयोगी पडते. खास या बदलासाठीची एलासेस्ट्रंट ही गोळी अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झाली. पण आकडेही पाहावेत. ज्या चाचणीवर ती मंजूर झाली तीत, हा बदल असलेल्या स्त्रियांत जुन्या औषधांनी रोग रोखला गेल्याचा मध्यम काळ १.९ महिने, तर नव्या गोळीने ३.८ महिने होता. काहींना यापेक्षा पुष्कळ अधिक काळ लाभला, हेही खरे. लाभ आहे, पण तो चमत्कार नव्हे. जमीन विकण्यापूर्वी हे आकडे कुटुंबाला सांगितले गेले पाहिजेत.

मराठवाड्यातील आपल्या लोकांना हैदराबाद परके नाही. १९५६ पर्यंत आपला कारभार तेथूनच चाले. आजही नांदेड, देगलूरकडची माणसे मोठ्या दुखण्याला तिकडेच धावतात. दिलसुखनगरच्या वसतिगृहांत शिकवणीसाठी राहणारी मुले त्यांचा पहिला आधार. तेथून मेट्रोने गाडी न बदलता लकडी-का-पूल गाठता येते, आणि जवळच रेड हिल्स भागात एमएनजे ही सरकारी कर्करोग संस्था आहे. दिलसुखनगरच्या शेजारी गड्डीअण्णारम येथे फळबाजार होता. महाराष्ट्रातूनही तेथे माल जाई. तो बाजार आता बाटासिंगारमला हलला आहे, आणि त्या जागेवर मोठ्या सरकारी रुग्णालयाची पायाभरणी एप्रिल २०२२ मध्ये झाली. जेथे शेतकरी फळे घेऊन जात असे, तेथे उद्या तो आजारी माणूस घेऊन जाईल. तेव्हा त्याच्या खिशाचा विचार आजच व्हावयास हवा.

केवळ औषध निघाले म्हणून ते गरिबापर्यंत पोहोचत नाही. २०२२ साली केरळच्या उच्च न्यायालयात एका रुग्ण भगिनीने दाद मागितली होती. रायबोसिक्लिब हे औषध महिना सुमारे ५८ हजार रुपयांना पडत होते. खटला चालू असतानाच ती वारली. याच वर्गातील पाल्बोसिक्लिबचे पेटंट आपल्या देशात जानेवारी २०२३ मध्ये संपले, तेव्हा देशी कंपन्यांनी ते बनविले आणि किंमत पुष्कळ उतरली. दुसरे उदाहरण नॅशनल कॅन्सर ग्रिडचे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने एकत्र आलेल्या रुग्णालयांनी ४० औषधांची सामुदायिक खरेदी केली आणि मोठी बचत झाली. सहकारी सोसायटीतून खत घेणाऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही. आमचे म्हणणे असे की, ही रक्ताची तपासणी व तिच्यानंतर लागणारी औषधे याच मार्गाने स्वस्त करून सरकारी योजनांत आणावीत.

काही वाचक म्हणतील, आपल्या खेड्यांत बाया गाठ लाजेपोटी वर्षभर लपवितात. तेथे जनुकांच्या गोष्टी कशाला? आक्षेप खरा आहे. गाठ लागताच दाखविणे हेच पहिले काम. पण जिचा रोग पसरला आहे तीही आपलीच आहे. तिला शिल्लक आयुष्य बरे जावे असे वाटते, आणि तिच्या उपचारांत डोळे झाकून पैसा ओतणे हा काही मायेचा पुरावा नव्हे.

म्हणून अशा प्रसंगी डॉक्टरांना नम्रपणे पण न भिता विचारावे : या तपासणीने उपचार बदलणार आहे काय? बदलणार असेल, तर ते औषध येथे मिळते काय आणि केवढ्यास? त्याने किती काळ लाभेल आणि त्रास काय होईल? आरोग्यश्री योजना तेलंगणातील कुटुंबांसाठी आहे. आपले महाराष्ट्राचे कार्ड तेथे कोणत्या रुग्णालयात चालते, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. कोणती गोळी केव्हा सुरू झाली व केव्हा थांबली, ते तारखेसह एका वहीत लिहावे, आणि जुने अहवाल एका पिशवीत ठेवावेत. ज्या घरात वाचणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी धर्मग्रामातील शिकलेल्या मुलामुलींनी ही वही लिहून द्यावी व एक दिवस सोबत जावे. वेदना कमी करणारे उपचार पहिल्या दिवसापासून मागता येतात. ते शेवटासाठी राखून ठेवू नयेत.