पत्ते हातांत, गडी पडद्यावर

पत्ते म्हटले कीं पालकांच्या कपाळास आंठी पडते, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु येथें ज्यांविषयीं लिहावयाचें आहे ते जुगाराचे बावन्न पत्ते नव्हेत. १९९३ सालीं रिचर्ड गारफील्ड ह्या गणिताच्या अध्यापकानें (म्हणजे आमच्याच व्यवसायबंधूनें) रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा तो खेळ होय. त्याच्या ‘कमांडर’ नामक प्रकारांत बहुधा चार गडी बसतात व प्रत्येकाजवळ १०० पत्ते असतात. २०२० सालच्या महामारींत एका मेजाभोंवतीं बसणें अशक्य झालें. तेव्हां अनेक खेळाडूंनीं कॅमेरा वर टांगून खालीं मेजाकडे वळविला, आणि कागदी पत्ते दूरच्या मित्रांस दिसूं लागले.

आतां आमचे कांहीं विद्यार्थी विचारतात कीं, ह्यासाठीं झूम बरें, डिस्कॉर्ड बरें, कीं स्पेलटेबल?

झूमची फुकट बैठक ४० मिनिटांनीं संपते, आणि चौघांचा डाव तर पुष्कळदां तासाहून अधिक लांबतो. शिवाय बोलणाऱ्याचें चित्र मोठें व्हावें अशी तेथें योजना आहे. त्यामुळें मुकाट्यानें खेळणाऱ्याचें मेज कोपऱ्यांत जातें. डिस्कॉर्डला वेळेचें बंधन नाहीं, पण १३ वर्षांखालील मुलांस तेथें खातें उघडण्याची मुभा नाहीं, आणि अनोळखी माणसांशीं गांठ पडण्यास तेथें वाव फार. स्पेलटेबल मात्र मॅजिकसाठींच निर्माण झालें: चारही मेजें शेजारीं शेजारीं दिसतात, आणि चित्रांतील पत्त्यावर टिचकी मारली असतां तो कोणता हें यंत्रच ओळखून सांगतें. ओळखीच्याच चौघांनीं खेळावयाचें असेल तर आमचें मत ह्याच्या बाजूनें आहे. दोघांच्या लहान डावास साधा व्हिडिओ कॉलही पुरेल. त्यासाठीं एवढा खटाटोप कशाला?

पालकांस आणखी एक गोष्ट सुचवितों. कॅमेऱ्यांत मेज व हात दिसले म्हणजे काम भागतें. मुलाचा चेहरा किंवा घरांतील खोली दिसण्याची कांहींच गरज नाहीं. आणि दिवा मेजाच्या बाजूस ठेवावा. तो वर असला कीं पत्त्यांच्या प्लास्टिकच्या वेष्टनांवर असा चकाकतो कीं कोणत्याही मंचावर एक अक्षर वाचतां येत नाहीं.

एक उणीव मात्र ह्यांपैकीं एकाही मंचास भरून काढतां आलेली नाहीं. समोरासमोर खेळतांना आपण पत्ते पिसावे व प्रतिपक्ष्यानें ते काटावे, अशी रीत आहे. पडद्यापलीकडचा हात आपल्या पत्त्यांपर्यंत कसा पोहोंचणार? येथें सारी भिस्त गड्याच्या सचोटीवर. आमच्या एका विद्यार्थ्यानें ह्यावर स्वतःच तोड काढली आहे. तो कॅमेऱ्यासमोरच पत्ते पिसतो, पलीकडच्या मित्रास एक आंकडा विचारतो, आणि तितके पत्ते वरून उचलून तळाशीं ठेवतो. मग डावास आरंभ करतो.