विश्लेषण : संघ हरला की आधी प्रशिक्षकालाच नारळ का?

अमेरिकेतील सॅक्रामेंटो शहरात संध्याकाळी सात वाजता सुरू होणारा बास्केटबॉल सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेआठला सुरू होतो. कल्याण-डोंबिवलीहून मुंबईकडे निघालेल्या लोकलच्या ऐन गर्दीची ही वेळ. एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरून ‘एनबीए’ पाहणाऱ्यांना सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ दोन कारणांनी ठाऊक असतो. एक, त्याच्या मालकगटाचे प्रमुख विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले, जुहूत वाढलेले. दुसरे, या संघात प्रशिक्षक टिकत नाही. रणदिवे यांनी २०१३ मध्ये संघ घेतला, तेव्हापासून २०२५ पर्यंत मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीवर आठ जण बसले. एवढे बदल करून संघाच्या हाती काय लागले?

माइक ब्राउन यांना का काढले?

ताजे आणि सर्वाधिक गाजलेले प्रकरण माइक ब्राउन यांचे. किंग्जने २००६ नंतर सलग १६ हंगाम प्ले-ऑफचे तोंड पाहिले नव्हते. ‘एनबीए’च्या इतिहासातील हा सर्वांत मोठा दुष्काळ. २०२२ मध्ये आलेल्या ब्राउन यांनी पहिल्याच हंगामात ४८ विजय मिळवून तो संपवला आणि वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान एकमताने मिळवला. असा एकमताचा कौल त्यापूर्वी कोणालाही मिळाला नव्हता. पुढच्या हंगामात ४६ विजय मिळाले, पण प्ले-ऑफ हुकली. तरीही जून २०२४ मध्ये संघाने त्यांचा करार २०२६-२७ पर्यंत वाढवला.

त्यानंतर सहाच महिन्यांनी, २७ डिसेंबर २०२४ रोजी त्यांना काढण्यात आले. तेव्हा संघाचे १३ विजय आणि १८ पराभव होते. शेवटचे पाच सामने सलग हरलेले. त्यातला अखेरचा पराभव पाहण्यासारखा आहे. डेट्रॉइटविरुद्ध किंग्जकडे तीन गुणांची आघाडी, सामन्याचे शेवटचे काही क्षण. प्रतिस्पर्धी जेडन आयव्हीने तीन गुणांचा फटका मारला आणि तो मारताना किंग्जच्या डिआरोन फॉक्सने त्याच्यावर फाउल केला. तीन गुणांच्या जागी चार गेले आणि सामना ११४-११३ असा निसटला. चूक खेळाडूच्या एका झेपेची होती. नोकरी दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाची गेली, तीही दिवसाचा सराव आटोपून ते विमानतळाकडे निघाले असताना फोनवरून. डेन्व्हरचे तेव्हाचे प्रशिक्षक मायकल मलोन यांनी या पद्धतीवर जाहीर संताप व्यक्त केला. त्यांना तो अधिकार होता. दहा वर्षांपूर्वी त्यांनाही याच संघाने काढले होते.

मलोन प्रकरण काय होते?

२०१३ मध्ये रणदिवे यांनी आधी मलोन यांना प्रशिक्षक नेमले आणि नंतर संघबांधणी पाहणारा महाव्यवस्थापक. म्हणजे खेळाडू निवडणाऱ्याने आपला प्रशिक्षक निवडला नव्हता आणि प्रशिक्षकाला आपला वरिष्ठ कोण, हे नेमणुकीच्या वेळी माहीत नव्हते. घर बांधायला काढताना आधी रंगारी ठरवावा, तसे हे झाले. दुसऱ्या हंगामाची सुरुवात बरी होती. मग मुख्य खेळाडू डेमार्कस कझिन्सला मेंदूज्वराने गाठले, संघ घसरला आणि डिसेंबर २०१४ मध्ये मलोन यांना घरी पाठवले गेले. ११ विजय, १३ पराभव ही त्या वेळची स्थिती. उरलेल्या हंगामात आधी टायरोन कॉर्बिन आले, त्यांच्याकडून ७ विजय आणि २१ पराभव. मग जॉर्ज कार्ल, ११ आणि १९. एका हंगामात तीन प्रशिक्षक आणि तिघांत सर्वांत बरी कामगिरी पहिल्याची. मलोन पुढे डेन्व्हरला गेले आणि २०२३ मध्ये त्या संघाला पहिले विजेतेपद मिळवून दिले.

डेव्ह जोर्गर यांचेही तेच. २०१८-१९ मध्ये त्यांनी ३९ विजय मिळवले, किंग्जसाठी १३ वर्षांतील सर्वोत्तम. हंगाम संपताच त्यांना काढले. त्यांच्या जागी आलेल्या ल्यूक वॉल्टन यांचे किंग्जचे प्रशिक्षक म्हणून पहिले सामने ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या वरळीच्या ‘एनएससीआय’ डोममध्ये झाले होते. इंडियाना पेसर्सविरुद्धचे ते दोन्ही सराव सामने किंग्जने गमावले. प्रतिस्पर्धी बाकावरचे नेट मॅकमिलन वर्षभरात आणि वॉल्टन दोन वर्षांत बेकार झाले. या धंद्यातली नोकरी ही अशी असते.

मग प्रशिक्षकच का बदलतात?

कारण तोच बदलणे सोपे असते. ‘एनबीए’मध्ये खेळाडूंचे करार हमीचे असतात आणि एकूण पगारावर मर्यादा असते. ही मर्यादा ओलांडलेल्या संघाला खेळाडूंची अदलाबदल करताना दोन्ही बाजूंच्या पगाराचा मेळ घालावा लागतो. दहा-बारा खेळाडू हंगामाच्या मध्यावर बदलणे जवळपास अशक्य. प्रशिक्षकाचा पगार मात्र या मर्यादेत मोजला जात नाही. त्याला काढले तरी कराराचे पैसे द्यावे लागतात, पण ते मालकाच्या खिशातून जातात, संघाच्या हिशेबातून नव्हे. डेट्रॉइटने २०२४ मध्ये मॉन्टी विल्यम्स यांना एका हंगामानंतर काढले, तेव्हा त्यांना साडेसहा कोटी डॉलरहून अधिक देणे बाकी होते. अब्जाधीश मालकाला तेही परवडते. शिवाय चाहत्यांना ‘काहीतरी केले’ हे दिसते. ज्याने खेळाडू निवडले, त्याच्याकडे बोट जाण्याआधीच चर्चा नव्या माणसावर सरकते.

नवा माणूस आला की संघ जिंकतो, हे खरे की भास?

थोडे खरे, बरेचसे भास. ब्राउन गेल्यावर डग ख्रिस्ती हंगामी प्रशिक्षक झाले आणि किंग्जने लवकरच सलग सात सामने जिंकले. झाले, निर्णय योग्य ठरल्याचे लेख आले. हंगाम संपला तेव्हा ख्रिस्ती यांच्या खात्यात २७ विजय आणि २४ पराभव होते, संघाचे एकूण ४० आणि ४२. डलासविरुद्ध घरच्या मैदानावर हरून संघ प्ले-ऑफबाहेर गेला. दरम्यान फॉक्सही दुसऱ्या संघात गेला होता.

यामागचे गणित साधे आहे. लागोपाठच्या पराभवांत काही वाटा दुर्दैवाचा असतो. प्रशिक्षकाला काढले जाते ते नेमके आलेखाच्या तळाशी. तिथून आलेख बहुधा वरच जातो, बाकावर कोणीही बसो. डच अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी नेदरलँड्सच्या फुटबॉल लीगमधील १९८६ ते २००४ या काळातील बदल तपासले. प्रशिक्षक बदललेले संघ सावरले, पण तशीच घसरण होऊनही प्रशिक्षक न बदललेले संघही तितकेच सावरले होते.

म्हणजे बदल कधीच करू नये का?

तसे नाही. क्लीव्हलँडने २०२४ च्या उन्हाळ्यात जे. बी. बिकरस्टाफ यांना काढून केनी अ‍ॅटकिन्सन यांना आणले. खेळाडू जवळपास तेच होते, विजय ४८ वरून ६४ वर गेले. इथे प्रशिक्षकाचे श्रेय नाकारता येणार नाही. गंमत अशी की, काढलेले बिकरस्टाफ डेट्रॉइटला गेले आणि आदल्या वर्षी १४ सामनेच जिंकलेल्या त्या संघाने ४४ जिंकले. अर्थात डेट्रॉइटने महाव्यवस्थापकही बदलला होता आणि अनुभवी खेळाडूही घेतले होते. दोन्ही निर्णय हंगाम संपल्यावर, नव्या माणसाला सरावाचा पूर्ण उन्हाळा देऊन झाले. किंग्जने डिसेंबरमध्ये जे केले, ते याहून फार वेगळे.

मुंबई इंडियन्सचा अनुभव काय सांगतो?

याच ठाणे जिल्ह्यात, घणसोलीच्या मैदानावर सराव करणारा हा संघ २०२४ च्या ‘आयपीएल’मध्ये १४ पैकी चारच सामने जिंकून तळाला गेला. कर्णधारबदलावरून प्रेक्षकांचा रोष होता, तो वेगळाच. प्रशिक्षक मार्क बाउचर यांना बदलले ते ऑक्टोबरमध्ये, मोठ्या लिलावाच्या आधी, म्हणजे परतलेल्या महेला जयवर्धने यांना संघनिवडीत हात घालता आला. खरी परीक्षा पुढे होती. २०२५ मध्ये पहिल्या पाचपैकी चार सामने मुंबई हरली. सॅक्रामेंटोच्या न्यायाने तेव्हाच जयवर्धने यांना निरोप मिळाला असता. तसे झाले नाही. त्यानंतर मुंबईने सलग सहा सामने जिंकले आणि संघ दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत पोहोचला.

ठाणे-डोंबिवलीला याचे काय?

इथल्या शाळा, क्लब आणि खासगी अकादम्यांतही हीच घाई दिसते, फक्त रक्कम लहान असते. स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत संघ गारद झाला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘सर बदला’ सुरू होते. आठवड्यातून किती दिवस सराव झाला, पावसाळ्यात किती बुडाला, उंच मुले दहावीच्या क्लासमुळे किती वेळा आलीच नाहीत, हे कोणी विचारत नाही. अशा सरांना कराराची हमी नसते आणि काढल्यावर कोणी पैसेही देत नाही. सर बदलायचेच असतील तर ते परीक्षांनंतर, पुढच्या मोसमाची निवड होण्याआधी बदलावेत. नव्या सरांना निदान आपली मुले आपण निवडता येतील.

रणदिवे यांनी स्वतः कधीकाळी मुलीच्या शालेय वयाच्या संघाला शिकवले होते. बास्केटबॉल न खेळलेल्या या माणसाने साधारण कुवतीच्या मुलींना पूर्ण मैदानभर दबाव टाकायला शिकवून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत नेले; ती कथा अमेरिकेत गाजली. त्या मुलींकडे बदलायला दुसरा प्रशिक्षक नव्हता.

मे २०२५ मध्ये किंग्जने ख्रिस्ती यांना कायम केले. ब्राउन यांना त्याच जुलैमध्ये न्यूयॉर्क निक्सने घेतले. ती जागा रिकामी झाली होती, कारण संघाला २५ वर्षांनी विभागीय अंतिम फेरीत नेणाऱ्या टॉम थिबोडो यांना निक्सने नुकतेच काढले होते.