आरएनए हा नुसता निरोप्या नव्हे

एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात जीवाणूंमधील जनुकनियंत्रण समजावले जाते ते लॅक ओपेरॉनच्या आधारे. दमनकारी प्रथिन डीएनएला चिकटते आणि प्रतिलेखन थांबते. लॅक्टोज मिळाले की ते प्रथिन दूर होते. उदाहरण उत्तम आहे. मात्र एवढ्यावरच थांबल्यास विद्यार्थ्याच्या मनात एक अपुरे चित्र ठसते: निर्णय प्रथिनांचा, आरएनए केवळ निरोप पोहोचवणारा.

या चित्राला तडा देणारे काम चार्ल्स यानोफ्स्की यांनी १९७०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात केले. ई. कोलाय जीवाणूत ट्रिप्टोफॅन तयार करणाऱ्या जनुकांच्या आरंभी एक छोटा संदेश असतो आणि त्यात ट्रिप्टोफॅनचे दोन कोडॉन लागोपाठ येतात. आरएनए तयार होत असतानाच रायबोझोम तो वाचू लागतो. ट्रिप्टोफॅन मुबलक असेल, तर रायबोझोम न अडखळता पुढे सरकतो, आरएनएची एक विशिष्ट घडी पडते आणि आरएनए पॉलिमरेझ डीएनएवरून सुटते. तुटवडा असेल, तर रायबोझोम त्या दोन कोडॉनपाशी खोळंबतो, निराळी घडी पडते आणि लेखन चालू राहते. आपले उरलेले लेखन व्हावे की नाही, हे अर्धामुर्धा आरएनएच ठरवतो.

२००२ पासून उजेडात आलेल्या रायबोस्विचना तर रायबोझोमचीही गरज नसते. बॅसिलस सबटिलिसमध्ये बी-२ जीवनसत्त्वापासून बनणारा एफएमएन हा रेणू थेट आरएनएला जोडला जातो आणि प्रतिलेखन अर्ध्यावर थांबते. हा स्विच मानवी पेशींत नाही. म्हणूनच नव्या प्रतिजैविकांसाठी तो आकर्षक लक्ष्य ठरतो. मर्क कंपनीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेला रायबोसिल हा रेणू याच स्विचला फसवतो. त्याचे औषध अद्याप झालेले नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंनी ग्रासलेल्या भारताला ही दिशा परवडण्याजोगी नव्हे, आवश्यक आहे. प्रतिलेखन कुठे आणि कसे थांबते, यावर हैदराबादच्या सीडीएफडीत आणि बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन झालेले आहे. अभ्यासक्रम आधीच जड आहे, हा आक्षेप रास्त आहे; परंतु ट्रिप्टोफॅनचे उदाहरण कागदाच्या एका पट्टीला दोन प्रकारे घड्या घालून एका तासिकेत समजावता येते. प्रयोगशाळेत जे ज्ञान रुजले, ते वर्गाच्या उंबरठ्यावर थांबू नये.