लिहू न देणारी गुणवत्ता

बारावीला ९३ टक्के आहेत, तर दिल्लीला किंवा हैदराबादला प्रवेश मिळण्याची शक्यता किती, हा प्रश्न पनवेलमध्ये मराठी शिकवणाऱ्या आम्हा अध्यापकांना दर उन्हाळ्यात ऐकावा लागतो. विचारणारी मुलगी पेण-खालापूरकडून रोज एसटीने येणारी असते. घरात तिच्याआधी कोणी पदवीपर्यंत पोहोचलेले नसते. तिने 'युवकभारती' नुसते पाठ केलेले नसते, वाचलेले असते. एखाद्या कवितेविषयी तिला स्वतःचे असे काही म्हणायचे असते, आणि ते तिला लिहिताही येते. तिला द्यावे लागणारे खरे उत्तर असे आहे : तुझ्या ९३ टक्क्यांना तेथे फारशी किंमत नाही, आणि तुझ्या लिहिण्याला तर मुळीच नाही. या उत्तराच्या पूर्वार्धाविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येते. उत्तरार्धाविषयी साहित्याचे अध्यापकसुद्धा बोलत नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी व्यवस्था कशी आहे ते पाहू. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश सीयूईटी या सामायिक परीक्षेवर होऊ लागले. बारावीचे गुण उरले ते पात्रतेपुरते, फार तर दोघांचे गुण सारखे आले तर क्रम लावण्यापुरते. ही परीक्षा तेरा भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे, याचे आपल्याकडे कौतुक झाले. पण मराठीच्या या पेपरात मराठीचे एक वाक्यही लिहावे लागत नाही. २०२५ पासूनच्या आराखड्यात ५० प्रश्न आणि ६० मिनिटे. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीच्या उत्तराला उणे १. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. तेवढ्यात उतारा वाचायचा, चार पर्याय तोलायचे आणि एकावर खूण करायची. यातून वाचनाचा वेग कळेल, शब्दसंग्रह कळेल, सरावही कळेल. पण एखाद्या ओळीचे दोन अर्थ संभवतात हे जिला जाणवते आणि त्यांपैकी एक आपण का स्वीकारतो हे जिला सांगता येते, ती विद्यार्थिनी या चाळणीत वेगळी कशी ओळखू येणार? उलट ती घुटमळणार, कारण तिला दुसरा पर्यायही दिसतो. साहित्याच्या अभ्यासात ज्याला आपण गुण मानतो, त्याची येथे उणे एक अशी नोंद होते.

जुनी व्यवस्था सोन्याची होती असे कोणी समजू नये. २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांनी काही विषयांची पहिली प्रवेशमर्यादा शंभर टक्क्यांवर नेली होती. त्याच वर्षी महासाथीमुळे आपल्या राज्यात बारावीची परीक्षा झाली नाही आणि निकाल लागला ९९.६३ टक्के. त्याआधी अकरावीच्या प्रवेशासाठी राज्य शासनाने २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आणले, २००९ मध्ये ९०:१० चा कोटा आणला. दोन्ही मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१० मधले 'बेस्ट फाइव्ह' उच्च न्यायालयाने रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभे केले. तीन वर्षांत तीन सूत्रे! मंडळामंडळांतील गुणांची तुलना कशी करायची यावर सारे भांडत होते. ते गुण नेमके कशाचे आहेत, हे मात्र कोणी विचारत नव्हते. आमच्या कृतिपत्रिकेतही आकृतिबंध पूर्ण करण्याचे गुण खात्रीचे, आणि स्वमताचे उत्तर 'अपेक्षित'मधून पाठ करून लिहिले तरी चालते, हे मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा फुगलेल्या गुणांवर उपाय हवा होता यात शंका नाही. पण उपाय म्हणून जे आले त्याने थोडेफार उरलेले लेखनही काढून टाकले. गुणांची सूज तरी उतरली का? नीट ही अशीच पर्यायांवर खुणा करण्याची परीक्षा. २०२४ मध्ये तिच्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. फेरफार होत होत शेवटी ते १७ राहिले. यंत्राने तपासले म्हणून मोजमाप आपोआप सूक्ष्म होत नाही.

आता आमच्याच जिल्ह्यातले एक उदाहरण घेऊ. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ मध्ये रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावचा. बालपण रोह्यात गेले. १९१२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिजचे जीझस कॉलेज, आणि १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिला क्रमांक. कुलाबा जिल्ह्यातील मुलगा जगातल्या नामवंत विद्यापीठात पोहोचला तो लेखी उत्तरे लिहून. हे उदाहरण आम्ही भाबडेपणाने देत नाही. देशमुखांचे वडील वकील होते. ज्या कातकरी वाडीत शाळाच नव्हती तेथल्या मुलापुढे ही वाट नव्हतीच. त्या काळच्या परीक्षा न्याय्य होत्या असा आमचा दावा नाही. दावा एवढाच की त्या परीक्षांना विद्यार्थ्याचे वाक्य हवे होते. याच देशमुखांनी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद सांभाळले आणि 'मेघदूत' मराठीत आणले. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्याच दिल्ली विद्यापीठाच्या दाराशी आज रोह्याच्या मुलीला मराठीचे एक वाक्य लिहिण्याची संधी नाही.

हे केवळ पदवीच्या दारात घडते असेही नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या प्रवेशपरीक्षेत दीर्घ उत्तरे लिहावी लागत; मागास जिल्ह्यांतून येणाऱ्यांना वाढीव गुण देण्याची पद्धतही तेथे दीर्घकाळ होती. एखाद्या गडचिरोलीच्या मुलाचे उत्तर अनघड असले तरी त्यातला विचार दिसू शकतो, आणि त्याच्या वाटेतले खड्डे हिशेबात घेतले पाहिजेत, ही समज त्यामागे होती. २०१९ मध्ये ती परीक्षा संगणकावरील बहुपर्यायी झाली. त्याही आधी, जून २०१२ पासून, 'नेट'चा तिसरा पेपर वर्णनात्मकाचा वस्तुनिष्ठ झाला. म्हणजे साहित्याचा विद्यार्थी आत येताना लिहीत नाही आणि साहित्याचा अध्यापक पात्र ठरतानाही लिहीत नाही. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, २०२५ मध्ये जेएनयूत कुसुमाग्रजांच्या नावाने मराठीचे केंद्र सुरू झाले. दोन्हींचा आनंद आम्हालाही आहे. पण अभिजात भाषेचा अभ्यासक निवडताना त्याच्या हातून त्या भाषेचा एक परिच्छेदही लिहून घेतला जात नसेल, तर त्या आनंदाचे करायचे काय?

यावर ठरलेले उत्तर येते : उमेदवार लाखांनी असतात, उत्तरपत्रिका कोण तपासणार? मग संघ लोकसेवा आयोगाकडे पाहावे. तेथे पूर्वपरीक्षा बहुपर्यायी असते, पण मुख्य परीक्षेत २५० गुणांचा निबंध आहे, आणि मराठी साहित्य हा विषय घेतला तर त्याचे ५०० गुण लिहूनच मिळवावे लागतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही २०२५च्या राज्यसेवेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली. शासनाला अधिकारी निवडताना त्याचे लेखन पाहावेसे वाटते, आणि विद्यापीठाला साहित्याचा विद्यार्थी निवडताना वाटत नाही, हे आमच्या काळाचे खास नवल आहे. शिवाय लाखो उमेदवार सगळ्या विषयांचे मिळून असतात. साहित्यविभागाच्या जागांसाठी पहिल्या चाळणीतून उतरणाऱ्या काहीशे जणांचा एक निबंध तपासणे कोणत्याही विभागाला अशक्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तपासनिसाच्या हाती लेखन आले की त्याची जात, वर्ग, अभिरुचीही त्याबरोबर येते. यंत्राला हे सारे दिसत नाही. हा आक्षेप आम्ही उडवून लावणार नाही. मुलाखतींत आडनाव ऐकून गुण बदलतात, ही तक्रार ऐकीव नाही. परंतु त्यावर नाव झाकलेली उत्तरपत्रिका, दोन तपासनीस आणि प्रमाणभाषेच्या चुकांपलीकडे जाऊन विचार पाहण्याची लेखी सूचना, असे उपाय आहेत. बहुपर्यायी परीक्षा मात्र पक्षपात संपवत नाही, तो आधीच्या पायरीवर ढकलते. क्लासचे शुल्क भरू शकणारा आणि वर्षभर सराव चाचण्या देणारा मुलगा ७२ सेकंदांत काय करायचे ते शिकून येतो. दुपारी घरी जाऊन भावंडे सांभाळणारी मुलगी ते शिकलेली नसते. यंत्राला आडनाव दिसत नाही, हे खरे. पण त्याला ही दुपारही दिसत नाही.

आणि लेखन मागणारी विद्यापीठे आहेतच की! ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याच्या अर्जदाराकडून त्याने शाळेत केलेले लेखन मागवतात आणि मुलाखत घेतात. आपल्याकडे अशोकासारखे खासगी विद्यापीठ अर्जदाराला निबंध लिहायला लावते. तेथे गरजूंना शुल्कसवलत मिळते हे मान्य केले, तरी मूळ शुल्क वर्षाला लाखांत आहे आणि निबंध इंग्रजीत. म्हणजे 'तुला काय वाटते ते लिही' असे म्हणणारे दार इंग्रजी आणि पैसा यांच्या बाजूला उघडते. सार्वजनिक विद्यापीठाच्या दारात मराठी मुलीला फक्त 'योग्य पर्याय निवडा' एवढेच ऐकू येते. अभिव्यक्ती ही श्रीमंतांची आणि अचूकता ही गरिबांची, अशी ही वाटणी आहे. या लेखातली आमची सर्वांत मोठी तक्रार हीच.

म्हणून मागणी दोन ठिकाणी आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या भाषा व साहित्य विभागांनी सामायिक परीक्षेनंतर एक लेखी पेपर घ्यावा. उमेदवाराच्या भाषेत, न शिकवलेल्या उताऱ्यावर, पुरेसा वेळ देऊन. ज्यांना आपल्या प्रवेशाचे नियम ठरवण्याची मुभा आहे त्या राज्यातील विभागांनी आणि स्वायत्त महाविद्यालयांनी त्यासाठी दिल्लीची वाट पाहू नये. आणि तोवर वर्गात, अंतर्गत मूल्यमापनाच्या वीस-पंचवीस गुणांत का होईना, पाठ करता येणार नाही असा एक प्रश्न दर सत्रात विचारणे कोणत्याही परिपत्रकाने बंद केलेले नाही. ९३ टक्केवाल्या मुलीला दिल्ली मिळेल की नाही हे आमच्या हातात नाही. पण तिने लिहिलेले कोणीतरी वाचले, हे आपल्या हातात आहे. आणि साहित्याचा विभाग तेही करणार नसेल, तर त्याने स्वतःला साहित्याचा विभाग का म्हणवून घ्यावे?