साताऱ्याने कुणाचं घोडं मारलं?

आमच्या खोलीत दोन कॉट. एकावर मी, साताऱ्याचा. दुसऱ्यावर माझा पार्टनर, सांगलीचा. रोज मेलचा एवढा कचरा येतो की कामाचं काही सापडत नाही, म्हणून दोघांनी एकाच संध्याकाळी फिल्टर लावला. विषयात आपल्या गावाचं नाव असेल तर मेल ‘घर’ फोल्डरमध्ये, बाकी सगळं ‘नंतर बघू’मध्ये. त्याने अटीत लिहिलं ‘सांगली’, मी लिहिलं ‘सातारा’. अटीचा प्रकार दोघांचाही ‘कंटेन्स’. म्हणजे हा मजकूर विषयात कुठेही असला तरी चालेल.

महिन्याभरात त्याचं फोल्डर भरलं. माझ्यात जेमतेम चार मेल. आणि एक दिवस कळलं, शिष्यवृत्तीच्या कागदपत्र तपासणीची तारीख उलटून गेली! मेल आली होती. विषय होता ‘साताऱ्यातील विद्यार्थ्यांसाठी’. पडली होती ‘नंतर बघू’मध्ये. पार्टनर हसून म्हणाला, “तुझा सातारा लई अवघड हाय गड्या!”

आता सांगा, साताऱ्याने कुणाचं घोडं मारलं होतं?

उत्तर आठवीच्या व्याकरणात आहे. सांगलीला प्रत्यय लागला तरी शब्द बदलत नाही. सांगलीला, सांगलीत, सांगलीहून. सातारा मात्र प्रत्यय लागताच ‘साताऱ्या’ होतो. पुण्याचं आणि ठाण्याचं तेच. याला सामान्यरूप म्हणतात. मार्कांपुरतं आपण ते घोकलं आणि विसरलो. फिल्टरला तर ते कधी शिकवलंच नाही. तो फक्त अक्षरांचे कोड एकापुढे एक ताडून बघतो. ‘सातारा’ आणि ‘साताऱ्या’ यांचे पहिले चार कोड जुळतात, पुढे गाडी घसरते.

बरं, मग शेवटचा काना काढून ‘सातार’ एवढंच लिहावं? मी लिहिलं. काही मेल आल्या, काही तरीही नाहीत! कारण ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे वेगळंच अक्षर असतं. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, मशीनच्या लेखी मात्र दोन परके शब्द. शेवटी ‘सातार’ किंवा ‘साताऱ’ अशा दोन अटी लावल्या तेव्हा कुठे जमलं. ‘सातारकर’ही फुकटात आले. (नुसतं ‘साता’ लिहू नका, साता समुद्रापारच्या मेलही येतील!)

एवढ्यावर पार्टनरचं हसू थांबायला हरकत नव्हती, पण थांबलं नाही. मग मी म्हटलं, “तुझ्या फिल्टरमध्ये ‘कोयना’ आणि ‘कृष्णा’ टाकून बघ.” त्याने टाकलं. ‘कोयनेतून विसर्ग वाढवला’ आणि ‘कृष्णेची पातळी वाढली’, दोन्ही मेल निसटल्या. हसू थांबलं.

कारण हा प्रश्न शिष्यवृत्तीपेक्षा मोठा आहे. कोयना धरण आमच्या जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. तिथून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि पुढे सांगलीला जातं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर सांगलीकरांनी भोगलेत. अशा वेळी इशारा येतो तो मराठीत, आणि मराठीत धरणाचं नाव प्रत्ययासहही येतं. ‘कोयना’ शोधणाऱ्या फिल्टरला ‘कोयनेतून’ दिसत नसेल, तर तो नेमका पाणी सोडण्याचाच निरोप गाळतो.

काही मित्र म्हणतात, “एवढं कशाला? मेल इंग्रजीतच पाठवायच्या.” अरे, पण १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याची राजभाषा आहे. तहसीलदार कचेरीने आपल्या फिल्टरसाठी भाषा बदलायची की आपण फिल्टर सुधारायचा?

फिल्टर इंग्रजीचे लाड कसे करतो तेही बघा. मेल गाळण्यासाठी ‘सिव्ह’ नावाची एक भाषा आहे, तिचं प्रमाण २००८ साली आरएफसी ५२२८ मध्ये आलं. त्यात वेगळं काही सांगितलं नाही तर इंग्रजी अक्षरांचा कॅपिटल-स्मॉल भेद आपोआप माफ होतो. देवनागरीला मात्र माफी नाही, बाइटला बाइट जुळलाच पाहिजे. खरं तर उपाय आहे. युनिकोडच्या कोलेशनच्या नियमांनी पहिल्या पातळीवर तुलना केली तर दोन्ही ‘ऱ्या’ एकच ठरतात. पण आपण लॅबमध्ये काय शिकतो? एसटीआरसीएमपी, ‘हॅलो’ आणि ‘वर्ल्ड’. उत्तर आलं की जर्नलवर सही!

माझं म्हणणं एवढंच. स्ट्रिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये एक तरी उदाहरण ‘सातारा’ आणि ‘साताऱ्याला’ यांचं असावं. सरांनी मनावर घेतलं तर पुढच्या सेमिस्टरला सहज होईल. उद्या आपल्यातलेच कुणी सॉफ्टवेअर लिहिणार आहेत, त्यांना आज हे नडलं तर उद्या आठवेल.

तोपर्यंत मित्रांनो, फिल्टरमध्ये पूर्ण शब्द नको, न बदलणारा भाग लिहा. कोयनासाठी ‘कोयन’, पुण्यासाठी ‘पुणे’ किंवा ‘पुण्य’ (थोडं पुण्यही पदरात पडेल!). आणि ‘हा शब्द नसेल तर डिलीट’ अशी अट चुकूनही घालू नका. फोल्डरमध्ये पडलेली मेल उशिरा तरी सापडते. डिलीट झालेली शिष्यवृत्ती सापडत नाही, आणि पुराचा इशारा तर नाहीच नाही.