सहा वर्षांचे रविवार

जुनी गाडी पुन्हा उभी करायला घेतलेली तीन घरे मी जवळून पाहिली आहेत. त्यांपैकी दोन ठिकाणी गाडी शेवटी भंगाराच्या काट्यावर गेली. दोन्ही घरी पैसा होता, उमेद आधी संपली. तिसरे घर माझ्या मामूंचे. तिथे काम 2019 साली सुरू झाले, ट्रक अजून पूर्ण झालेला नाही, पण काम थांबलेलेही नाही. वर्षानुवर्षे चालणारे असे काम घरात कसे टिकते, हे मला तिथे पाहायला मिळाले.

ट्रक आहे टाटा मर्सिडीज 312. टेल्कोने 1954 साली जर्मनीच्या डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला हे ट्रक बांधायला घेतले. 1969 साली करार संपला आणि समोरच्या जाळीवरचा तीन टोकांचा तारा गेला. मामूंचा ट्रक 1962 चा, ताऱ्याच्या दिवसांतला. त्यांनी तो 1979 साली पहिल्या मालकाकडून घेतला. कोल्हापूरचा गूळ घाटाखाली न्यायचा, येताना तांदूळ नाहीतर चिरे भरायचे. तीन मुलींची लग्ने या ट्रकने केली. 1997 पासून तो परसात चिंचेखाली उभा होता. मामू आता 82 वर्षांचे आहेत आणि ट्रक उभा करण्याची हौस त्यांच्या धाकट्या मुलाची, म्हणजे माझ्या मामेभावाची. त्याचे सायकलचे दुकान आहे.

उमेद पहिल्यांदा कुठे मरते? गाडी पूर्ण खोलली की. आमच्या नात्यातल्या एकाने जुनी जीप दोन रविवारांत सुटी केली. नटबोल्ट बिस्किटांच्या डब्यांत टाकले, भाग अंगणभर मांडले, फोटो काढले. खोलणे सोपे असते आणि त्यात रोज काहीतरी झाल्यासारखे वाटते. वर्षभराने कोणता बोल्ट कुठला, हे कुणालाच आठवेना आणि अंगणात उरला तो नुसता ढीग. मामेभावाने ठरवून एका वेळी एकच भाग उघडला. तो भाग साफ करायचा, बसवायचा, मगच पुढच्याला पाना लावायचा. नट वेगवेगळ्या पिशव्यांत, पिशवीवर चिठ्ठी. चिठ्ठ्या लिहिण्याचे काम नातीचे, तिचे अक्षर चांगले म्हणून.

दुसरी गोष्ट क्रमाची. सगळ्यांना रंगाची घाई असते. रंग शेवटी, हे कोणताही मिस्त्री सांगेल, पण त्याआधी काय, यावर मतभेद असतात. मामेभावाने आधी चाके घेतली. टायर जमिनीत रुतले होते, ड्रम जाम होते. आठ महिने फक्त चाके आणि पाटे. मग एके दिवशी नऊ माणसांनी ट्रक ढकलून चिंचेखालून बाहेर काढला. इंजिन मेलेलेच होते, पण जी गाडी हलते तिच्याकडे घरचे लोक निराळ्या नजरेने बघतात. मुमानींनी त्या दिवशी पहिल्यांदा कामगारांना चहा पाठवला, एरवी त्यांचा या सगळ्याला विरोधच होता.

विरोधाचे कारण रास्त होते. धाकटीची कॉलेजची फी आणि ट्रकचा खर्च एकाच गल्ल्यातून जाणार होता. शेवटी मुमानींनीच तोड काढली. महिन्याला 4,000 रुपये ट्रकचे, वेगळ्या डब्यात. डबा रिकामा असेल तर काम हाताचे करायचे, घासायचे, तासायचे, पैशाचे नाही. उधारी अजिबात नाही. या मर्यादेमुळे काम लांबले हे खरे. पण ट्रक कधी घरातल्या भांडणाचा विषय झाला नाही आणि माझ्या मते तो टिकला तो यामुळेच. ज्या छंदाचा हिशेब बायकोपासून लपवावा लागतो, त्या छंदात माणूस चोरासारखा वावरतो.

मी शिक्षिका आहे, त्यामुळे फळ्याचे श्रेय मला घेऊ द्या. शाळेतून बाद झालेला एक लहान फळा मी त्यांना दिला. कामांची पूर्ण यादी कपाटात असते, तीत दोनशेच्या वर नोंदी आहेत. फळ्यावर फक्त चालू महिन्याचे एक काम लिहायचे. मुलांना जूनमध्ये वर्षाचा सगळा अभ्यासक्रम वाचून दाखवला की त्यांचे चेहरे कसे पडतात, ते मी वीस वर्षे बघते आहे. मोबाइलवरचे व्हिडिओही तसेच घात करतात. तीन वर्षांचे काम वीस मिनिटांत दिसते आणि लेथवाल्याकडे भाग अडकून पडलेले महिने त्यात कापलेले असतात.

ते महिनेच खरे जड जातात. हे इंजिन सहा सिलिंडरचे. पिस्टन गंजून धरले होते. नोझल काढून आत डिझेल आणि ऑइल सोडायचे, आठवडाभर थांबायचे, फ्लायव्हीलला पहार लावून बघायचे, पुन्हा ओतायचे. असे सहा आठवडे गेल्यावर ते बोटभर फिरले. मग क्रँक ग्राइंडिंगला कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेला. तिथून निरोप येईपर्यंत हाताला दुसरे कोरडे काम हवे, म्हणून स्टेअरिंगचे चाक आणि मीटर राखून ठेवले होते.

तरीही 2021 साली काम अकरा महिने बंद पडले. दुकान मंदीत होते, घरात आजारपण होते. मामेभाऊ एकदा म्हणाला, "अब्बांच्या हयातीत झाला नाही, तर करू कुणासाठी?" यावर कुणी काही बोलले नाही. मलाही ही मुदत दोघांवर अन्याय करणारी वाटते. वडिलांच्या वयाशी शर्यत लावली की प्रत्येक रविवार हरल्यासारखा जातो.

काम पुन्हा सुरू झाले ते मामूंच्या जुन्या क्लीनरमुळे. नातवाच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला होता. साठी उलटलेला माणूस. त्याने ट्रकला फेरी मारली, चहा होईपर्यंत तारेचा ब्रश उचलला आणि मागचा फाळका घासायला बसला. पुढच्या रविवारी पुन्हा आला, सांगितले नसताना. आता नाश्त्यानंतर जोहरपर्यंत तो असतोच. दुसरा माणूस वाट बघत असला की अंथरुणातून उठायला वेगळी उमेद लागत नाही.

इंजिन गेल्या डिसेंबरात लागले. त्याआधी तीन रविवार ते नुसतेच धापा टाकत होते. थंड इंजिनाला यात हीटर प्लग लागतात आणि ते लग्नाच्या मांडवातल्या जुन्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात. एक जळला की सगळे गार. जळका प्लग सापडला, काळा धूर चिंचेपर्यंत गेला, शेजारी धावत आले. सगळे टाळ्या वाजवत असताना मामू खुर्चीवरून म्हणाले, "टापेट बजरे. सुनाई नै आता क्या तुमकू?"

केबिन अजून बाकी आहे. त्या काळी बहुतेक ट्रक चासी आणि पुढचा भाग एवढेच कारखान्यातून यायचे. लाकडी केबिन आणि हौदा गावचे बॉडीवाले बांधायचे. त्यामुळे 'मूळ केबिन' कशी होती, याचे पुस्तक नाही, मामूंची आठवण आहे. दाराला आतून कडी होती की दोरी, यावर त्यांचा आणि क्लीनरचा दोन रविवार वाद चालला. कागदांचेही पाहायचे आहे. 2021 साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले, पण ते खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींचे आहेत. मालवाहू ट्रक त्यात सरळ बसत नाही, तेव्हा असे काम घेणाऱ्याने आरटीओत आधी जाऊन यावे.

फळ्यावर या महिन्यात लिहिले आहे: डावे मागचे ब्रेक. खाली नातीने खडूने दार काढले आहे, कडीसकट आणि दोरीसकट.